न्यायासन आणि आपापल्या निशाण्या

शास्त्रपाठ : २ इतिहास १९:४-७, याकोब २:१-४

यहूदाचा राजा यहोशाफाट रामोथ-गिलादाच्या लढाईतून जीव वाचवून यरुशलेमास परत आला. त्याच्या संगतीने लढणारा इस्राएलाचा राजा अहाब त्या लढाईत पडला होता, आणि दुर्जनास साहाय्य केल्याबद्दल हनानीचा पुत्र येहू ह्याने यहोशाफाटास तोंडावर दोष दिला होता. त्यानंतर हा राजा बैर-शेब्यापासून एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखापर्यंत आपल्या प्रजेत फिरला, त्याने लोकांस परमेश्वराकडे वळविले आणि तटबंदीच्या नगरोनगरी न्यायाधीश नेमिले. त्यांस त्याने जी ताकीद दिली तिचा सारांश असा की, न्यायाधीश ज्या आसनावर बसतो ते त्याचे स्वतःचे नाही आणि राजाचेही नाही. ते देवाचे आहे. देवाच्या ठायी अन्याय, तोंड पाहून वागणे व लाच ह्यांस जागा नाही. म्हणून त्याच्या वतीने बसणाऱ्याच्या ठायीही ती असू नयेत.

प्रिय वाचकहो, ह्या तीन दोषांपैकी लाच कोणासही ओळखता येते. उघड अन्यायही फार दिवस झाकून राहत नाही. परंतु तोंड पाहून वागणे हा दोष सूक्ष्म आहे. तो पुष्कळदा सद्‌गुणाचे वस्त्र पांघरून येतो आणि ज्याच्या अंगी असतो त्यासच दिसत नाही. ह्या दोषाच्या एका रूपाविषयी आम्ही आज लिहिणार आहो. न्यायाच्या जागी बसणाऱ्याने, अथवा त्या जागी येणाऱ्या लोकांनी, आपल्या पक्षाची, आपल्या दुःखाची किंवा आपल्या धर्माची निशाणी तेथे लावावी काय? प्रश्न लहान वाटेल. पण त्यात दुबळ्याचा न्याय गुंतलेला आहे, आणि आमच्या ख्रिस्ती नावाची परीक्षाही आहे.

प्रथम सोपे उदाहरण घेऊ. कॅनडा देशाच्या ऑन्टेरिओ प्रांतात हॅमिल्टन नावाचे शहर आहे. शेजारच्या अमेरिकेत डोनल्ड ट्रम्प ह्यांची अध्यक्षपदी निवड झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ नोव्हेंबर २०१६ रोजी, तेथील एक न्यायाधीश ट्रम्प ह्यांच्या प्रचाराची लाल टोपी घालून न्यायालयात आले. पुढे त्यांनी क्षमा मागितली व आपण थट्टा केली असे सांगितले. तरी २०१७ च्या सप्टेंबरात, न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या तेथील मंडळाने त्यांस ठपका दिला आणि ३० दिवस बिनपगारी कामावरून दूर ठेविले. कोणी म्हणेल, एका टोपीपायी एवढा दंड कशाला? परंतु परदेशाहून येऊन त्या शहरात राहिलेला एखादा गरीब त्या सकाळी आरोपी म्हणून उभा असेल, तर त्याने त्या टोपीकडे पाहून काय समजावे? आपला खटला ऐकण्यापूर्वीच आपल्याविषयी काहीतरी ठरून गेले, असे त्याच्या मनात आले तर त्याचा दोष काय?

न्याय होणे पुरेसे नाही, तो होत आहे असे सर्वांस दिसलेही पाहिजे, हे तत्त्व इंग्लंडात लॉर्ड हेवर्ट ह्यांनी १९२३ साली एका निकालात मांडिले. तो खटला एका मोटार अपघाताचा होता. आरोपीस शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांचा कारकून हा ज्या वकिली पेढीचा भागीदार होता, तीच पेढी त्या आरोपीविरुद्ध नुकसानभरपाईचे काम चालवीत होती. न्यायाधीश विचार करण्यास आत गेले तेव्हा कारकून त्यांच्याबरोबर गेला. तो एक शब्दही बोलला नाही, त्याचा सल्ला कोणी घेतला नाही, असे शपथेवर सांगण्यात आले. तरीही ती शिक्षा रद्द झाली. कारण दाराबाहेर उभ्या असलेल्या मनुष्यास आत काय चालले हे दिसत नव्हते, त्यास केवळ आपल्या विरोधकाचा भागीदार आत जाताना दिसला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ७ मे १९९७ रोजी न्यायाधीशांच्या आचरणाविषयी जे नियम स्वीकारिले, त्यांच्या आरंभी हेच तत्त्व ठेविले आहे.

आता याहून कठीण उदाहरण पाहा. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९९४ साली एका मनुष्याचा खून झाला. खटला चालला तेव्हा मृताच्या घरची मंडळी न्यायालयात पुढच्या बाकावर, मृताचे छायाचित्र असलेले बिल्ले छातीवर लावून बसली. मारणारा म्हणत होता की, मी स्वतःच्या बचावासाठी मारिले. त्याच्या वकिलाने विनंती केली की, ज्यूरीच्या पंचांसमोरून हे बिल्ले काढावेत. न्यायाधीशांनी ती मानली नाही, आणि आरोपी दोषी ठरला. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००६ च्या डिसेंबरात त्या न्यायालयाने शिक्षा कायम राहू दिली. मात्र असे बिल्ले योग्य आहेत असे त्याने म्हटले नाही. प्रेक्षकांच्या अशा वर्तनाविषयी आपण पूर्वी कधी नियम घालून दिलेला नाही, म्हणून खालच्या न्यायालयाने नियम मोडला असे म्हणता येत नाही, एवढेच त्याने सांगितले.

ज्याच्या घरचा माणूस गेला त्याच्या छातीवरील चित्रास दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. रडणाऱ्यांबरोबर रडावे असेच आम्हांस शिकविले आहे. तरी विचार करा. पंचांनी ज्या प्रश्नाचा निर्णय करावयाचा, त्याचे उत्तर तो बिल्ला आधीच देत असतो. तो साक्ष देतो, पण शपथ घेत नाही. बोलतो, पण त्याची उलटतपासणी करता येत नाही. मृताचा कैवार घेणारा परमेश्वर आहे. परंतु एक साक्षीदार उभा राहून कोणा मनुष्यावर अपराध शाबीत होऊ नये, हा नियमही त्याच परमेश्वराने मोशेच्या द्वारे घालून दिला. तेव्हा ज्यास तपासता येत नाही अशा मुक्या साक्षीदारास पंचांपुढे बसविणे त्या नियमाशी कसे जुळावे?

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या निशाण्या पाहिल्या. आता आपल्या निशाण्यांकडे वळू. कारण न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून व्हावा हे योग्य आहे.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहराच्या एका न्यायालयात क्रूसाची मूर्ती ठेविलेली होती. एका यहुदी पक्षकाराने व त्याच्या वकिलाने, आपणांस क्रुसाखाली उभे राहून दाद मागावी लागते, अशी हरकत घेतली. १७ जुलै १९७३ रोजी त्या देशाच्या घटना-न्यायालयाने निकाल दिला. सर्व न्यायालयांतून क्रूस काढावेत असे त्याने म्हटले नाही. पण स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध क्रुसाखाली दाद मागण्यास एखाद्यास भाग पाडणे, हा त्याच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग होऊ शकतो असे ठरविले. वाचकहो, त्या यहुद्याच्या जागी क्षणभर उभे राहा. त्याच भूमीवर, तीस वर्षांपूर्वी, त्याच्या लोकांचा संहार झाला होता, आणि संहार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा बाप्तिस्मा झालेला होता. त्या क्रुसावरील पुरुष त्याच्याच वंशाचा, दाविदाच्या कुळातला. तरीही ती आकृती त्यास आश्रयाची वाटली नाही, परकी वाटली. ह्याचा दोष त्या यहुद्यावर घालून आम्हांस मोकळे होता येईल काय?

सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश रॉय मूर हे पूर्वी खालच्या न्यायालयात होते, तेव्हाच त्यांनी स्वहस्ते केलेली दहा आज्ञांची लाकडी पाटी आपल्या न्यायालयाच्या भिंतीवर लाविली होती. मुख्य न्यायाधीश झाल्यावर, ३१ जुलै २००१ च्या रात्री, त्यांनी माँटगमरी शहरातील न्यायभवनाच्या मोठ्या दालनात, दाराशी येणाऱ्याच्या अगदी समोर, दहा आज्ञा कोरलेली सुमारे २,४०० किलो वजनाची शिळा आणून बसविली. आपल्या सहन्यायाधीशांस त्यांनी विचारिले नव्हते. दुसऱ्या काही लोकांनी तेथे आपलेही स्मारक ठेवावे अशी विनंती केली. त्यांत मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या प्रसिद्ध भाषणाचे स्मारक ठेवावे अशी एक विनंती होती. ती नाकारण्यात आली.

तीन वकिलांनी फिर्याद केली की, ह्या शिळेमुळे ज्या न्यायमंदिरात आम्ही रोज काम करितो तेथेच आम्ही परके ठरतो. २००२ च्या नोव्हेंबरात संघीय न्यायाधीश मायरन थॉम्प्सन ह्यांनी शिळा काढण्याचा निकाल दिला. वरच्या न्यायालयाने तो कायम केला. मूर ह्यांनी हुकूम मानला नाही. शेवटी त्यांच्याच न्यायालयातील आठ सहन्यायाधीशांनी शिळा हलविण्यास सांगितले, व २७ ऑगस्ट २००३ रोजी ती दृष्टीआड करण्यात आली. बाहेर जमलेल्या पुष्कळ भाविकांनी गुडघे टेकून प्रार्थना केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात, न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल मूर ह्यांस पदावरून दूर करण्यात आले. पुढे २०१२ साली त्या राज्याच्या लोकांनी त्यांस त्याच पदावर पुन्हा निवडून दिले.

ही हकीकत ऐकून आमच्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल की, देवाच्या आज्ञा न्यायमंदिरात असल्या तर बिघडले काय? त्या सर्व न्यायाचे मूळ नाहीत काय? ह्यास आमचे उत्तर असे.

पहिली गोष्ट : देवाने स्वतः त्या दोन पाट्या कोठे ठेवविल्या हे पाहा. इस्राएलाचे वडील न्याय करण्यास नगराच्या वेशीत बसत. पाट्या वेशीत ठेविल्या नाहीत. त्या कराराच्या कोशात, पडद्याच्या आत, परमपवित्र स्थानात होत्या, आणि तेथे कोणी वादी-प्रतिवादी जात नसे. यहोशाफाटाने न्यायाधीशांस कोरीव शिळा दिली नाही. परमेश्वराचे भय तुम्हांवर असो, एवढेच सांगितले. कोणी म्हणेल की, अनुवादाच्या ६ व्या अध्यायात घराच्या चौकटीवर व वेशींवर आज्ञा लिहिण्यास सांगितले आहे. होय, सांगितले आहे. पण त्या ठिकाणी क्रम काय आहे तो पाहा. आधी अंतःकरण, मग मुले, मग हात व कपाळ, आणि सर्वांच्या शेवटी चौकट. शिवाय ती आज्ञा एकाच करारात बांधलेल्या एका लोकांस होती. आजच्या न्यायालयाची वेस हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती व कोणताच धर्म न मानणारा ह्या सर्वांची आहे.

दुसरी गोष्ट : लोकांनी तुम्हांशी जसे वागावे असे तुम्हांस वाटते तसेच तुम्ही त्यांशी वागा, ही प्रभूची आज्ञा आहे. आम्ही ह्या देशात थोडे आहो. एखाद्या कचेरीत शिरताना अधिकाऱ्याच्या डोक्यावर दुसऱ्याच्या भक्तीची निशाणी दिसली म्हणजे मनात काय चलबिचल होते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. तो अधिकारी भला असेलही. परंतु अर्ज पुढे करणारा हात किंचित कापतो. मग जेथे आम्ही पुष्कळ आहो तेथे दुसऱ्याचा हात कापविणे आम्हांस कसे साजेल? अनुवादाच्या पहिल्या अध्यायात मोशे सांगतो की, भाऊबंदांचा वाद असो अथवा उपरी मनुष्याचा, न्याय सारखाच करावा. उपऱ्यास दारातच तू उपरा आहेस असे सांगितल्यावर तो सारखेपणा कोठे राहिला?

तिसरी गोष्ट सर्वांत भारी आहे. क्रूस हा पक्षपाती न्यायाने उभारलेला खांब आहे. पिलाताने प्रभूस तपासून, ह्याच्या ठायी काही दोष नाही असे स्वमुखाने सांगितले. मग लोकांनी त्यास आठवण दिली की, ह्यास सोडिशील तर तू कैसराचा मित्र नाहीस. त्या क्षणी पिलाताने खटला बाजूला ठेविला आणि आपण कोणाच्या बाजूचे आहो हे दाखविले. जगाच्या तारणाऱ्यास वधस्तंभावर नेणारा निकाल असा झाला. ज्या न्यायाधीशाने आपल्या बाजूची निशाणी मिरविली त्याच्या हातून आमचा प्रभू मेला. आता त्याच प्रभूचा क्रूस घेऊन, न्यायासन अमुक बाजूचे आहे असे दाखविण्यासाठी तो वापरणे, म्हणजे पिलाताचे काम ख्रिस्ताच्या नावाने करणे होय.

येथे एक शंका निघेल. मनुष्यांसमोर प्रभूस नाकारू नये असे आम्हांस बजाविले आहे. मग न्यायाधीशाने आपला क्रूस झाकणे हे नाकारणे नव्हे काय? नव्हे. कैसरियास फेस्ताच्या न्यायासनासमोर पौल साखळ्यांत उभा होता. त्याने ख्रिस्ताविषयी मोकळेपणाने साक्ष दिली; पण न्यायासनाकडे त्याने मागितला तो केवळ नीट न्याय. साक्ष देण्याची जागा आरोपीची होती, आणि ती त्याने पुरेपूर वापरिली. पक्षकाराची गोष्ट निराळीच आहे. त्याच्या गळ्यात क्रूस असो, डोक्यावर पगडी असो, कपाळावर टिळा असो. तो जसा आहे तसा न्याय मागण्यास आलेला असतो. जो बसलेला आहे त्याने मात्र आपली निशाणी बाहेर ठेवून यावे; कारण तो आपल्या वतीने बसलेला नसतो.

दुसरी शंका अधिक खोल आहे. निशाणी काढली म्हणून मनातला पक्षपात गेला काय? आतून मलिन असलेले ताट बाहेरून घासल्यासारखे हे होणार नाही काय? ही शंका खरी आहे. काळा झगा अंगावर घेतल्याने हृदय शुद्ध होत नाही. तरीही जो मनुष्य सर्वांच्या हितासाठी छातीवरचा बिल्ला काढू शकत नाही, तो मनातला ग्रह काढील अशी आशा कशी धरावी? बाहेरची शिस्त ही आतल्या शिस्तीची पहिली पायरी आहे. ह्यासाठीच आमच्या देशात वकिलांस काळा कोट व पांढरी पट्टी ठरविलेली आहे. ह्यासाठीच न्यायाधीश पदावर येताना, भय व ममता, मेहेरबानी व आकस ही सोडून काम करण्याची शपथ घेतात.

आमच्या सर्वोच्च न्यायालयात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड ह्यांच्या कारकिर्दीत, न्यायदेवतेची एक नवी मूर्ती ठेवण्यात आली, हे २०२४ च्या ऑक्टोबरात पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचिले असेल. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. हातात तराजू आहे, आणि तलवारीच्या जागी भारताची घटना आहे. मूर्तीविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. पण त्यातला अर्थ घेण्यासारखा आहे. तिच्या हातात जे आहे ते दोन्ही पक्षकारांचे सारखेच आहे. एकाचे अधिक व दुसऱ्याचे कमी असे त्यात काही नाही. आणि डोळे उघडे ठेवावयाचे असतील तर यशया भविष्यवाद्याने ११ व्या अध्यायात इशायाच्या अंकुराविषयी जे सांगितले ते लक्षात ठेवावे : तो डोळ्यांस दिसते तेवढ्यावरून न्याय करणार नाही, तर दीनांचा निवाडा धर्माने करील.

आता हे वाचून कोणी म्हणेल की, आम्ही शेतकरी, मजूर, शिक्षक. आम्ही कोठे न्यायासनावर बसतो? बंधूंनो, तुम्ही बसता. बांधाचा तंटा, विहिरीच्या पाण्याची पाळी, नवराबायकोचे भांडण, मंडळीच्या वर्गणीचा हिशेब, ही प्रकरणे तुमच्यापुढे येतात. चावडीवर अथवा मंदिराच्या ओसरीवर पंच म्हणून तुम्ही सतरंजीवर बसता, तेव्हा ती सतरंजी न्यायासन होते. तेथे तुम्ही कोणती निशाणी लावून बसता हे तपासा. निवडणुकीच्या पक्षाचा गमछा गळ्यात ठेवून बसता काय? ज्याने मत दिले नाही त्याचे ऐकण्याआधीच तोंड फिरविता काय? आणि एक निशाणी अशी आहे की ती कापडाची नसून डोळ्यांस दिसत नाही, पण समोरच्यास बरोबर कळते : बाप्तिस्म्याच्या पाण्यात जी सोडून आलो म्हणतो ती जुनी जात. हा आपल्यातला, तो त्यांच्यातला, असे मनात ठेवून जो पंच बसतो, त्याने अलाबामाच्या शिळेहून जड शिळा मंदिराच्या दारात आणून ठेविली असे आम्ही समजतो. ती हलविण्यास कोणते न्यायालय येणार नाही. ती आपणच हलविली पाहिजे.

याकोबाने आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्यास चांगली जागा व मळक्या वस्त्राच्या गरिबास पायापाशी जागा देणाऱ्या मंडळीस दोष दिला आहे. त्या मंडळीनेही निशाणी पाहूनच निकाल केला होता. म्हणून मंडळीच्या वडिलांस आमची विनंती आहे की, पुढचा तंटा समोर आला म्हणजे तीन गोष्टी करा. बसण्यापूर्वी पक्षाची खूण उतरवून ठेवा. आपल्या सोयऱ्याचा किंवा वैऱ्याचा वाद असेल तर उठून दुसऱ्यास जागा द्या. आणि जो गावात एकटा आहे, मग ती विधवा असो, परगावचा असो की परधर्माचा असो, त्याचे म्हणणे आधी व पुरते ऐका. तो घरी जाताना, निकाल माझ्या विरुद्ध गेला तरी माझे ऐकून घेतले, असे म्हणू शकला, तर त्या ओसरीवर देवाचे भय होते असे समजा.

एक दिवस आपण सर्व ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहणार आहो. त्या न्यायाधीशाच्या हातांवर खिळ्यांचे वण असतील, आणि ते वण वादी व प्रतिवादी ह्या दोघांसाठी सारखेच सोसलेले आहेत. त्यापुढे उभे राहण्याची तयारी करणाऱ्यांनी येथे, आपल्या गावी, आपल्या हाती आलेल्या लहान न्यायात, कोणाचे तोंड पाहू नये. प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी व तसे धैर्य देवो. आमेन.